भटूचा एक दिवसाआडचा दानधर्म

भटू,

सोनगीरच्या इतिहासात तुझ्यासारखा दानशूर झाला नाही. किल्ल्याखाली तुझा पुतळा बसवायला हवा. डोकं नाही बसवलं तरी चालेल, तू तरी कुठं वापरतोस.

एचआयव्हीची गोळी एक दिवस आपण घ्यायची, दुसऱ्या दिवशीची टेम्पोवरच्या ईश्वरला द्यायची. का, तर त्या मर्दाला स्वतःच्या गोळ्यांसाठी दवाखान्याच्या रांगेत उभं राहायची लाज वाटते. काल त्याला खडसावलं तर म्हणतो, "तोच देस माले, अक्का. मी मांगस नहीं."

आणि परवा तू डॉक्टरांना सांगतोस, गोळीत दम राहिला नाही, बदलून द्या. रोज घेतोस का विचारल्यावर मान डोलावलीस, आणि शेजारी बसून मीही डोलावली. अरे, रोज घेत होतास तोवर हीच गोळी विषाणूला वाढू देत नव्हती. तपासणीत तो सापडायचासुद्धा नाही. आता वाढलाय. तीन महिने नेमानं घेऊन पुन्हा तपासायचं, तरी उतरला नाही तर औषध बदलायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. असा दानधर्म चालू ठेवलास तर विषाणू गोळीला सरावेल, मग ती तुझ्याही कामाची नाही आणि त्याच्याही.

ईश्वरला घेऊन पहिल्या बसनं धुळ्याला जातेय. त्याचं नाव नोंदवते आणि डॉक्टरांना खरं सांगते. तुझी आजची गोळी भाकरीशेजारी ठेवली आहे.

ईश्वरची शेळी दाराशी बांधली आहे. तिला पाणी दाखव. समोरून जाऊ नकोस, शिंग मारते.

अक्का