पत्त्यातला गणपती

छत्रपती संभाजीनगर,
३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. सौ. वनमालाआत्यास,
तेजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. गेल्या वर्षी मामांच्या हृदयात स्टेंट बसल्यापासून अंगददादाला तुमच्या वस्तीवरच्या घराची धास्ती वाटते, हे मी समजू शकते. डोंगराआड मोबाईलला रेंज नाही. आहे तो एकच इंटरनेटवरचा फोन. ऐन वेळी तो लागला नाही तर काय, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. पण म्हणून पोळ्याला येऊन तुम्हा दोघांना, आपल्या आईवडिलांना, पुण्याच्या फ्लॅटवर हलवायचे, हे उत्तर घाईचे. आपण फोनच भरवशाचा करू. मग चिरंजीवांना बोलायला जागा उरणार नाही!

आता माझ्या तंत्रनिकेतनातल्या वर्गात बसल्यासारखे ऐका. जुन्या फोनला वीज त्याच्या तारेतूनच मिळे, म्हणून लाईट गेली तरी तो बोले. तुमच्या फोनची तार काचेची आहे. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. त्यामुळे भिंतीवरचा पांढरा डबा विझला की फोन मुका. किती साधे आणि किती सुंदर! तेव्हा त्या डब्याला राउटरची छोटी बॅटरी बसवा आणि मेन स्विच पाडून फोन लागतो का ते पाहा.

कंपनीकडे पत्ता कोणता नोंदला आहे, तेही विचारा. माणसाची वाचा बसली तर तोच पत्ता आधार ठरू शकतो. मात्र समोरच्याला तो दिसेलच, असे धरून चालू नये. म्हणून आणीबाणीचा ११२ लागताच आधी पत्ता बोलायचा, मग दुखणे. आणि हो, केवळ गंमत म्हणून ११२ फिरवू नका. पोलीस ठाण्याच्या साध्या नंबरवर विचारा. ते हो म्हणाले तरच चाचणी.

मामांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ विजेवर चालत नाही, म्हणून तो अखंड राहील अशी खात्री आहे.

आपली,
तेजश्री

लिंबागणेश,
१० ऑगस्ट २०२५

चि. तेजश्रीस,
आत्याचे अ. उ. आ.

बाई, तुझ्या विज्ञानाने पहिल्याच दिवशी माझी फजिती केली. बॅटरी बसवली, मेन स्विच पाडला. डब्याचे दिवे हिरवेगार, आणि फोन मात्र ढिम्म! तुझे मामा लई हसले. म्हणाले की, भाचीबाईंचा डबा जित्ता हाय, पण बोलंना झालाय. माझ्यासारखाच हाय, तुझ्यापुढं गप.

मेन स्विच परत लावला आणि ठाण्यात विचारून चाचणी केली. त्यांनी वेळ दिली, फोन लागला. पलीकडची पोरगी गोड बोलली. मी आपल्या रीतीप्रमाणे तिला विचारले की, लेकरा, जेवलीस का, गाव कोणतं, कुणाची तू? मग आमचे घराणे सांगितले, मामांचे दुखणे सांगितले. पत्ता तिनेच मागितला, तेव्हा मला तुझे पत्र आठवले.

आता पत्त्याचे ऐक. कंपनीत विचारले तर आमचा पत्ता निघाला ‘गणपती मंदिराजवळ, लिंबागणेश’! मामांनीच लिहून दिलेला. मंदिर कुठे, आपली वस्ती कुठे, दोन टोके. पण आपले टपाल, पत्रिका सगळे मंदिरासमोरच्या फुलवाल्याकडेच पडते ना. ते म्हणतात की, गणपतीच्या नावाचा पत्ता कधी चुकला न्हाई, तो कावून बदलायचा? कागदावरून देव काढायला त्यांचा हात धजत नाही. अंगदला हे कळले तर ट्रंक भरायला तो पोळ्याचीही वाट पाहणार नाही. लवकर उपाय सांग. तुझ्या आत्याला ही वस्ती सोडवत नाही.

तुझी,
वनमालाआत्या

छत्रपती संभाजीनगर,
१४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फजिती माझी झाली, आपली नव्हे. तुमचा फोन बिनतारी आहे, हे मी विचारलेच नाही! तो ज्या बैठकीवर ठेवतात, तिचीही स्वतंत्र पिन भिंतीत असते. लाईट गेली की तीही विझते. माळ्यावरचा जुना तारेचा फोन काढा आणि सरळ डब्याला जोडा. मेन स्विच पाडून चाचणी पुन्हा करा. पास झाल्याशिवाय सोडू नका.

मामांना सांगा, देवाला कोणी काढत नाही. पत्रिकांवर, टपालावर गणपती राहू द्या. फोनच्या नोंदीत मात्र तुमच्या घराची वाट हवी: खाजामियाँच्या गॅरेजपासून डावीकडे, पाझर तलावाच्या बांधावरून, निळ्या टाकीचे घर. हे वाक्य रोज दिवा लावताना म्हणा. आणि ‘जेवलीस का’ शेवटी!

आपली वर्गशिक्षिका (मार खाण्यास पात्र),
तेजश्री

लिंबागणेश,
३१ ऑगस्ट २०२५

चि. तेजश्रीस,
आत्याचे ओटी भरून आशीर्वाद.

बाई, तू पास झालीस, आणि मीही!

तारेचा फोन जोडला, पत्ता बदलला. मामांनी डोळे मिटून सही केली. पोळ्याला अंगद आला तो ट्रंक घेऊनच, आणि आल्या आल्या माझी लुगडी त्यात भरली. फोनचे सांगितले तर म्हणाला की, आई, खेळणी हायती ही. वाऱ्याने सकाळीच विजेची तार तुटली होती, लाईट नव्हती. दुपारी बैलांसाठी कडबा काढायला तो गंजीत शिरला आणि घोणस पायाला डसली. ज्यांच्यासाठी एवढी तयारी केली ते मामा ठणठणीत, आणि धाडकन बसला तो आमचा पुणेकर! त्याचा मोबाईल हातातच होता, रेंज शोधत.

मी फोन उचलला. टोन आला, तेजश्री! तोंडातून आधी बाहेर पडले खाजामियाँचे गॅरेज. पत्ता पुरा झाल्यावरच साप सांगितला. पलीकडून पोरगी म्हणाली की पाय हलवू नका, आवळून बांधू नका, कापू नका. शेजारच्या गीताबाई सुतळी घेऊन आल्या होत्या, त्यांना मी दारातच थोपवले. दवाखान्याची गाडी कुणालाही वाट न विचारता निळ्या टाकीखाली येऊन उभी राहिली. बीडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की वेळेत आणलंत. मंदिरापाशी जाऊन गाडी वाट विचारत फिरली असती तर काय, ते मी मनातही आणत नाही.

काल अंगद घरी आला. लंगडत गेला आणि स्वतःच्या हाताने ट्रंक रिकामी केली. माझी लुगडी परत फळीवर रचली. दुसरी बॅटरीही सांगून ठेवली आहे म्हणे. मी त्याच फोनवरून, ठाण्याच्या साध्या नंबरवर, आभार कळवले, आणि राहिलेले विचारून घेतले: जेवलात का?

मामा आज मंदिरात नारळ फोडून आले. म्हणतात की, देवाला आपलं घर पहिल्यापासून ठावं होतं. गाडीवाल्याला तेवढं सांगायचं राहिलतं.

दसऱ्याला जेवायला ये. जीव लावला आहेस, तो असाच लावून ठेव.

तुझीच, वस्तीवरची,
वनमालाआत्या