सानूचा वाढदिवस आणि उजवा कौल

३ एप्रिल

आज जाहीर करून टाकलं. पुतणीचा, सानूचा, पाचवा वाढदिवस मी करणार. सगळा. दादा-वहिनीने फक्त खुर्चीवर बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. वहिनी म्हणाली, भावोजी, तुम्हाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. ठीक आहे. मोजे वेगळे, इव्हेंट वेगळा.

नेटवर भरपूर वाचलंय. सगळे तेच सांगतात. मुलं कमी, वेळ कमी, थीम एकच, खाणं साधं. घरच्या मोठ्यांना कामं वाटून द्यायची म्हणजे ती मध्ये पडत नाहीत. टेन्शन-फ्री वाढदिवस. यापुढे टे.फ्री.

गेल्या वर्षीचा विषय कोणी काढला नाही. मी पण नाही. पण वहिनीने सानूला उगाच मांडीवर ओढून घेतलं.

४ एप्रिल

थीम ठरली. फुलपाखरं, परी, समुद्र, सगळं दाखवलं. सानूने शेवटपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाली, "टिपर." दादा खाणीवर टिपर, मातीचा ट्रक, चालवतो. तिला जगात त्याहून भारी काही माहीतच नाही. तर टिपरचा केक, हौद्यात चॉकलेटची माती. मुलांना टबात रेती देणार, गाड्या फिरवायला.

गेल्या वर्षीचं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. पाहुण्यांपैकी कोणीतरी लाडाने सानूच्या तोंडात काजूकतली घातली. आधी ओठ सुजले. मग अंगभर गांधी उठल्या. मग श्वासाला शिटी. दादाने गाडी काढली, मी मागे तिला धरून. डिचोलीच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत तो आवाज ऐकत होतो, आणि मध्येच तो बारीक झाला, तेव्हा

नाही गेलं डोक्यातून.

डॉक्टर म्हणाला, काजूची अ‍ॅलर्जी. पुन्हा पोटात गेला तर याहून वाईट होऊ शकतं. श्वास अडकला तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. औषधांची पिशवी दिली. ती तेव्हापासून दाराच्या खुंटीला.

म्हणजे माझं काम एकच. बाकी सगळ्यांसाठी टे.फ्री.

७ एप्रिल

काजूचा सीझन जोरात. आई सकाळी बागायतीत, दुपारी बोंडूंपासून, म्हणजे काजूच्या फळांपासून, बिया सुट्या करत बसलेली. घरभर तो आंबूस गोड वास. गेल्या वर्षीपासून ती बिया पुढच्या अंगणात सुकवत नाही. मागे, गोठ्याच्या पलीकडे. सानूला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत साबण. कोणी सांगितलं नव्हतं, आपणच करते.

आणि तरी तिला पटलेलं नाही. तिच्या मते ती दिश्ट होती. नवा फ्रॉक, एवढी माणसं, कोणाची तरी नजर लागली. "आमच्या मुळगावच्या पोराक काजू बाधता? उद्या माशाक पाणी बाधतला."

मीठ-मिरची ओवाळून दिश्टही काढते, साबणही लावते. दोन्हीकडून कुंपण. मला चालतं.

९ एप्रिल

डिचोलीतल्या केकवाल्या बाईकडे गेलो. टिपर म्हटल्यावर खूश झाली, पहिल्यांदाच करणार म्हणे. काजू नको म्हटलं. घालतच नाही म्हणाली. मागे मिक्सर चालू होता. सहज विचारलं, काय वाटताय. काजूची पावडर, दुसऱ्या कोणाच्या केकसाठी. त्याच भांड्यात नंतर आमचं क्रीम.

भांडं दोनदा धुवून घेते म्हणाली, चांगली बाई आहे. मी नंतर कळवतो म्हणून बाहेर आलो. स्कूटरला चावी लागेना. काही झालं नव्हतं. पण ते दिसत नाही ना. वाघ असता तर दिसला असता.

केक घरी करणार. मीच.

१० एप्रिल

केक नं. १. मध्ये भलामोठा खड्डा. दादा म्हणाला, टिपर नाय हो, खाणच झाली. सगळ्यांनी मिळून खाण खाल्ली. सानूने भांडं चाटलं. ती चाटताना मी तिच्या ओठांकडे बघत होतो. मैदा, साखर, अंडी, लोणी. मीच घातलेलं सगळं. तरी बघत होतो.

११ एप्रिल

वाड्यावरच्या मुलांच्या घरी मेसेज टाकला. कृपया खाऊ आणू नये. शेजारची शकूमावशी दारातच भेटली. "तुमच्याकडे काजूबंदी ऐकली. मासळीबंदी केव्हापासून?" सगळे हसले. मी पण हसलो. आईला मात्र लागलं. लोक म्हणतील यांच्या पोरीत काहीतरी खोट आहे. उद्या लग्नाच्या वेळी हेच काढतील म्हणे. सानू पाच वर्षांची होतेय.

१२ एप्रिल

आई म्हणाली, वाढदिवस (यापुढे वा.दि.) करायच्या आधी देवीला कौल लावायचा. मी लगेच स्कूटर काढली. मोठ्यांना काम दिलं की झालं, नेटवर लिहिलंच होतं.

गुरवाने देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लहानपणापासून बघतोय. घर बांधताना लावला, दादाचं लग्न ठरवताना लावला. मला वाटलं, आई विचारेल वाढदिवस करू का. तिने हात जोडले आणि म्हणाली, "गेल्या वर्सा पोरीवर जां काय आयलेलां, तां गेलां काय?"

खूप वेळ काहीच नाही. मग पडली. उजवी.

आई तिथेच बसून रडली. एवढी घाबरलेली होती वर्षभर, मला कळलंच नव्हतं. आणि खरं लिहायचं तर माझ्या पण छातीवरचं काहीतरी उतरलं. वाटलं, संपलं.

परत येताना मागे बसून गुणगुणत होती. मध्येच म्हणाली, "आता भियाचां काय नाय."

मी स्कूटर कडेला घेऊन थांबवली.

१३ एप्रिल

बिया पुढच्या अंगणात. दुपारी आई बागायतीतून आली आणि तशीच, साबण न लावता, सानूचा गालगुच्चा घेतला. सानू सुकत घातलेल्या बियांमध्ये खेळण्यातला टिपर चालवत होती. वहिनीने येऊन तिला उचललं, न्हाणीत नेऊन हात-पाय घासले. सानू रडली. आई म्हणाली, कित्याक गो रडयतंस तिका?

दादाला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, वर्ष झालं रे. कदाचित अ‍ॅलर्जी गेली पण असेल. त्याला पण तेच हवंय. सगळ्यांना तेच हवंय, हाच प्रॉब्लेम आहे. कालपर्यंत या घरात चार जण घाबरलेले होते आणि त्यामुळे सानू सेफ होती. आता दोनच उरलो.

१५ एप्रिल

नवीन. आई वा.दि.च्या सकाळी देवीला मणगण्याचा, आमच्याकडच्या खिरीचा, नैवेद्य दाखवणार. चण्याची डाळ, गूळ, नारळाचा रस आणि यंदाचे नवे काजू. देवीने होय म्हटलं म्हणून. आणि मग तो प्रसाद पहिला सानूच्या तोंडात.

म्हटलं, काजू न घालता कर.

"नैवेद्य अर्धो दाखवतत?"

म्हटलं, मग सानूला नको देऊ.

"प्रसादाक नाय म्हणतत?"

यावरचं उत्तर इंग्रजीत सुचलं असतं, पण आईशी इंग्रजीत काय बोलणार. तिला प्रोटीन, रिअ‍ॅक्शन सगळं समजावलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली, तू लहान असताना तुला ताप भरला होता, डॉक्टर नव्हता, देवीच होती. तेही खरं असेल.

१६ एप्रिल

सकाळी एकटाच देवळात. गुरवाला सगळं सांगितलं आणि म्हटलं, परत एकदा लावा, नीट विचारू, काजू देऊ का म्हणून. तो चिडला. "उजवो पडलो तरी तू मानूचंस नाय. मग विचारतंस कित्याक?" आणि झाडू मारायला लागला.

मग डॉक्टरला फोन. म्हणाला, कधीकधी जाते, बहुतेकांची राहते. घरी चाखवून बघायचं नाही, अजिबात नाही. मे महिन्यात मोठ्या हॉस्पिटलात आणा, सगळी तयारी ठेवून, आमच्या डोळ्यांसमोर कणकण देऊन तपासू. आईला सांगितलं. म्हणाली, देवीन सांगल्यार परत परीक्षा कित्याक?

१७ एप्रिल

वहिनीने बॅग भरली. उद्या सानूला घेऊन पेडण्याला, माहेरी जाणार. वा.दि. झाल्यावर येते म्हणाली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. वहिनी आवाज चढवत नाही कधी, आज पण चढवला नाही.

"आई, तिचा श्वास बंद होतो ना, तेव्हा पाकळी पडायची वाट बघायला वेळ नसतो."

आई म्हणाली, "मी तिका मारतलंय, असां वाटता तुका?"

वहिनीने बॅग दारात नेऊन ठेवली. आई जेवली नाही. सानू रेतीच्या रिकाम्या टबात जाऊन बसली. मला विचारलं, काका, माझो वाढदिवस मोडलो? मी म्हटलं, नाही गं, रिपेअरला गेलाय.

१८ एप्रिल

आई आपणहून वहिनीकडे गेली. ठरलं ते असं. नैवेद्य पुरा, काजू घालून, पण शिजवायचा देवळाच्या चुलीवर, घरात नाही. प्रसादाचा डबा घरी येईल तो बंद, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. बिया आजच मागे गेल्या. आई आपल्या हाताने सानूला देणार नाही. वहिनीने मान हलवली, बॅग उघडली नाही, पण दारातून आत घेतली.

मग आई मला एकट्याला म्हणाली, "मी दिवचंय नाय. पण तिणां मागितलां तर माझ्यान नाय म्हणवचां नाय. देवाचां आसा तां."

हे वहिनीला सांगायचं का? नाही सांगितलं. फुगे फुगवले. एक फुटला तर मीच ओरडलो.

१९ एप्रिल

झाला.

केक छान. चाकांना बिस्किटं, दुकानात पाकिटावरचं सगळं वाचून आणलेली. मुलं रेतीत तासभर गप्प, आया खूश, नेटवाले खरं सांगत होते. सगळे म्हणाले किती आरामात केलंस रे. मी एकही फोटो काढला नाही. कोणाच्या मुठीत काय, कोणाच्या खिशात काय, एवढंच बघत फिरलो. एका मुलाच्या हातात चिक्की दिसली, गोड बोलून काढून घेतली, त्याला खेळण्यातले दोन टिपर द्यावे लागले.

केक कापल्यावर सानू माझ्याकडे धावत आली. ओठ लालभडक. खोकत होती. वहिनीच्या हातातली बशी पडली. दादा जागच्या जागी उभा. मला पाय उचलता येईना, देवाशपथ, उचलताच येईना.

आई पोचली. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली होती, गुडघे दुखतात तिचे. कोणाच्या आधी खुंटीची पिशवी तिच्या हातात, सानू तिच्या कडेवर, आणि दादावर ओरडली, "गाडी काढ, बघतंस काय!"

सानू म्हणाली, आजी, सोड, माका आणिक सोलां होयां.

सोलां, म्हणजे कोकम सरबत होतं. ठसका लागला होता. ओठ नुसते रंगलेले.

लोक हसले, शकूमावशी सगळ्यात मोठ्याने. आई हसली नाही. सानूला खाली ठेवलं, पण तिच्या पाठीवरचा हात काढला नाही. मी जवळ होतो म्हणून दिसलं. कान लावून तिचा श्वास ऐकत होती.

प्रसादाचा डबा सकाळी देवळातून आल्यापासून फ्रिजमध्येच.

२० एप्रिल

सकाळी सानूने मागितला. मला माहीत होतं मागणार, काल वाड्यावरच्या सगळ्यांना देवळातून प्रसाद मिळाला होता. "आजी, माझो प्रसाद खंय?"

वहिनी चुलीकडे, पाठ आमच्याकडे. तिने वळून बघितलं नाही. कालवण ढवळायची थांबली फक्त. मी फ्रिज आणि सानूच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. आईला ढकलायची वेळ आली तर ढकलणार होतो, स्वतःच्या आईला.

आईने सानूकडे बघितलं, मग फ्रिजकडे. तिचे ओठ हलत होते. नाही म्हणाली नाही. होय पण म्हणाली नाही. देव्हाऱ्यातलं एक फूल आणून सानूच्या केसात खोचलं. "हो घे. आज हो प्रसाद." सानूला चाललं. ती गेली बाहेर.

वहिनी परत ढवळायला लागली.

२१ एप्रिल

मणगणं आज टिकणार नाही असं वाटून मी डबा उघडायला गेलो तर आईने आधीच उघडला होता. मणगणं गाईला घातलं. काजू तेवढे निवडून काढले, धुतले, मागच्या अंगणात उन्हात सुकवले आणि छोट्या डबीत घालून देवीच्या फोटोमागे ठेवले. प्रसाद टाकवत नाही म्हणाली. हात? हात साबणाने धुतलेले, कोपरापर्यंत.

मग माझ्याजवळ बसली. हॉस्पिटलात मी पण येतंय म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

"त्या डॉक्टराक फोन लावून विचार. तपासताना ते काजू देतले मा? मग खंयचेतरी कित्याक? हेच देऊक सांग."

ती थट्टा करत नव्हती. देवीचा काजू, डॉक्टरच्या डोळ्यांसमोर. तिने वर्षभर उभारलेली दोन्ही कुंपणं तिला एकाच जागी हवी आहेत.

फोन अजून लावलेला नाही. डॉक्टर नाही म्हणाला तर ती डबी या घरात राहील, फोटोमागे, सानू स्टुलावर चढायला शिकलीय. आणि होय म्हणाला तर मे महिन्यात तपासणीच्या दिवशी डबीतले हेच काजू, आणि सानूला मांडीवर मीच घेऊन बसायचं, असं वहिनी म्हणते. कणकण देताना.

वहिनीला मी हो म्हटलंय.