वाळूच्या बैलाचं कुंकू

रविवार, सांगली

आज कृष्णेतल्या बेटावर वाळूशिल्पांची स्पर्धा झाली. पाणी उतरलंय, त्यामुळं तिकडं व्हॉलीबॉल, होड्या, सगळी जत्राच. मी आणि सलीमनं सकाळपासून खपून वाळूचा बसलेला बैल केला. सलीम गवंडीकाम करतो, त्यामुळं वशिंड असं उतरलं की हात फिरवावासा वाटावा. पहिला नंबर आमचाच, असं शेजारचा गटही म्हणत होता.

दुपारी घाटावर देवाला जाऊन आई आमचा डबा घेऊन आली. आम्ही हात धुवायला गेलो तेवढ्यात तिनं पिशवीतून डबी काढली, बैलाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि पाया पडली. बेंदराच्या सणाला मातीच्या बैलाला लावते तसंच. तिचं काय चुकलं?

पण नियम होता, नुसती वाळू, रंग चालणार नाही. परीक्षक बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "तेवढं कपाळ खरवडून टाका, मी पुढचं बघून येते."

माझा हात गेलाही होता. सलीमनं धरला. "काकूनं पुजलाय रं. आता खरवडायचं न्हाई."

बाद झालो. मला राग यायला हवा होता ना? आला नाही. ते कुंकू मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

आईला यातलं काहीच सांगितलं नाही. परतताना तिनं विचारलं, "नंबर आला का रं?"

सलीम म्हणाला, "न्हाई काकू. पण बैल लय आवडला सगळ्यास्नी."

"आवडणारच," आई म्हणाली. "पुढच्या साली हळद जास्त आणते. शिंगं तशीच राह्यली."