चौथा तुकडा

देवास, ३ मार्च

तीर्थरूप मल्हारकाका,

नमस्कार. उमाकाकूंचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण नाही.

कारखान्यात नवं मशीन येतंय. औषधांच्या खोक्यांवर तारखा छापणारा आपला प्रोग्राम त्यावर चढवायचा आहे. चुकीच्या तारखा छापून माल परत आला तेव्हापासून तो बंदच आहे, मुली हाताने शिक्के मारतात. तुम्ही लिहिलेला सोर्स, म्हणजे मूळ मजकूरच, कुठे नाही, कॉम्प्युटरने त्याचा केलेला प्रोग्राम तेवढा शिल्लक. साहेब म्हणाले, "मल्हारराव जाते-जाते सोर्स उडा गए. कसा बनवला होता, तूच शोध." मला इतका राग आला. पण चूक तुम्हीच कबूल केलेली, मी काय बोलणार?

मग तुम्ही शिकवलंत तसं प्रोग्रामलाच विचारलं, किती तुकडे जोडून तो बनला, कुणी, कधी; बनवणाऱ्याचं नाव तुकड्यावर आपोआप नोंदलं जातंच. तीन तुकडे तुमच्या नावावर. चौथा, तारखांचा, संग्रामच्या. माल परत यायच्या आदल्याच आठवड्यातला.

तेव्हा माझं आणि संग्रामचं लग्न ठरलं होतं ना, काका. म्हणून चौकशीत "चूक माझी" म्हणालात, त्याचा हात दिसू नये म्हणून सोर्स पुसलात आणि निरोपाचा हारही न घेता धारला निघून गेलात. कुणी सांगितलं होतं हे सगळं करायला?

सोर्स पुसण्याआधी तो तुकडा पुन्हा बनवला असतात तर त्यावरही तुमचंच नाव आलं असतं. तेवढं नाही केलंत. साहेबांच्या तोंडावर खोटं बोललात, पण मशीनमध्ये खोटं ठेवणं काही तुम्हाला जमलं नाही.

संग्रामला विचारलं. ताटावरून मान वर न करता म्हणाला, "काकांनीच बोलने से मना किया था." तुम्ही सांगितलंत, आणि हा इतकी वर्षं गप्प बसला. तुमच्या पाया पडताना सुद्धा.

काल अहवालात चारही तुकड्यांची नावं लिहून दिली. संग्राम आज सकाळी खातेगांवला आईकडे गेला, फोन उचलत नाही. परत येईल की नाही, मला माहीत नाही. फार भीती वाटतेय, काका.

माझ्यावर हवं तेवढं रागवा. फक्त साहेबांचा फोन आला की पुन्हा "चूक माझी" म्हणू नका. ते तुमचंच खरं मानतील, आणि माझ्या हाती काहीच उरणार नाही.

तुमच्याकडूनच प्रोग्राम वाचायला शिकलेली,
वैभवी