आधी जुना पुसा

सोमवार, ३

आज रुजू झालो! नवे फोन बाजारात यायच्या आधी हातात घ्यायचे, आठवडाभर आपलेच समजून वापरायचे, मग त्यांच्यावर लिहायचं, आणि याबद्दल पगारही घ्यायचा. अशी नोकरी जगात असते यावर बायकोचा अजून विश्वास बसलेला नाही. मला बावीस सवती आहेत आणि एकीचा चार्जर दुसरीला चालत नाही, असं ती येईल-जाईल त्याला सांगते. सांगू दे. ज्या दिवशी माणसाने पहिल्यांदा काठी उचलून उंचावरचं फळ पाडलं, त्या दिवशीही कुणीतरी घरातून ओरडलंच असेल की ते लाकूड आधी खाली ठेव.

तिसरा मजला, सहा टेबलं. माझं खिडकीजवळचं. आधीच्या परीक्षकाची खेळणी तशीच मांडलेली आहेत: पाच लोखंडी गोळ्यांचा झोपाळा, पितळी भोवरा (बोटाच्या एका चिमटीत चार मिनिटं दहा सेकंद फिरला, मी मोजलं), आणि टाळी वाजवली की मान डोलवणारं पिवळं बदक. तो आता घरूनच काम करतो म्हणे. संपादकबाई सांगत होत्या की घरी बसल्यापासून त्याचे लेख फार सुधारलेत, एक दिवस उशीर नाही. शेजारच्या टेबलावर एक बाई आहेत, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात. मनात त्यांना चष्मेवाली म्हणून टाकलं.

बायकोच्या शाळेच्या परीक्षा संपल्या की ती आणि आमची लेक खारू येतील. शनिवारी, बावीसला. तोवर रोज एक पान हाताने लिहायचं, नाहीतर अक्षर विसराल, असं बजावून तिने ही वही दिली आहे. एवढी एकच वस्तू माझ्याकडे बिनबॅटरीची.

मंगळवार, ४

पहिला फोन मिळाला. काय वजन, काय धार! कड अशी की गालावरून फिरवावीशी वाटते.

फोन देतात भांडारकाका. त्यांची खोली टोकाला, काळ्या काचेच्या दाराची. आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून फक्त आपलं तोंड. दार चेहरा ओळखून उघडतं, आतूनही आणि बाहेरूनही. दारावर काकांनी जाड अक्षरांत लिहिलंय: आधी जुना पुसा, मग नवा उघडा. काकांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. लग्नातल्या भटजीसारखा माणूस, म्हटल्याशिवाय पुढचा विधी नाही.

मग आवाजाची चाचणी. भिंतीवर एक उतारा चिकटवलाय, हवामान आणि फळांची नावं. सगळे तोच वाचतात. मी का वाचावा? शाळेपासून व्यासपीठं गाजवलेला माणूस मी. फोन समोर धरला आणि दहा मिनिटं बोललो. यंत्राला भिणारा माणूस स्वतःच्या हातांना भितो, इथून सुरुवात केली आणि शेवटी घरच्या घड्याळावर आलो. सासऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ मी आतून कसं चालतं ते बघायला उघडलं, खारू नेमकी स्प्रिंगवर बसली, आणि आम्ही दोघांनी चार वाजून दहा मिनिटांवर काटे गोंदाने चिकटवून ते परत टांगलं. बायकोला वाटतं ते म्हातारपणाने गेलं. जिभेने त्याचा शेवटचा ठोकाही काढून दाखवला: टण्ण! हे गुपित जगात आम्हा बापलेकींनाच ठाऊक. चष्मेवालीने टाळ्या वाजवल्या. बदकाने मान डोलवली.

सोमवार, १०

नवा फोन आला. निळा!

इथे खरं ते लिहितो. मला धीर धरवला नाही. आधी नवा उघडला, सगळं त्यात घेतलं: माणसं, फोटो, पत्रं, आवाज. तोवर जेवणाची सुट्टी झाली, काका वहीत नोंद करायला उभे. पुसायला वीस मिनिटं लागतात. मी 'पुसला' या शब्दापुढे सही ठोकली आणि जुना देऊन टाकला. काकांनी दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणालो. एका फोनने काय आभाळ कोसळतंय?

बुधवार, १२

बायकोचा निरोप आला. काल दुपारी अर्धा तास बोललात, फार बरं वाटलं, इतकं मोकळं तुम्ही कित्येक दिवसांत बोलला नव्हतात.

काल दुपारी मी बैठकीत होतो. फोन बंद.

गुरुवार, १३

हे चष्मेवालीचंच काम. आल्यापासून बघतोय, माझ्या टेबलाकडे तिचं लक्ष असतं. मी बोलायला लागलो की टाइप करायची थांबते. थट्टा करायची तर समोर कर, माझ्या बायकोला मध्ये का ओढतेस? आज सापळा लावला. फोन खणात, खणाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. दोनला ती माझ्यासमोर बसून बिस्किटं खात होती.

दोनलाच घरी फोन गेला. नंबर माझा, आवाज माझा. खारूला सात शब्दकोडी घातली म्हणे.

मग संपादकबाई? काका? या कार्यालयात प्रत्येक जण इतकं गोड का बोलतो?

शुक्रवार, १४

आधीच्या परीक्षकाची बायको आली होती. माझ्या टेबलाशी उभी राहिली, भोवरा उचलून मुठीत धरला. नवरा रोज दोन तास फोनवर बोलतो, असं म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोन मिनिटं धड बोलला नव्हता, आता माझ्या आईच्या गुडघ्यांचीसुद्धा चौकशी करतो. फक्त घरी येत नाही. कामात आहे, येतो, म्हणतो. तुमच्यापैकी कुणी त्याला शेवटचं डोळ्यांनी कधी पाहिलं, असं तिने एकेकाला विचारलं.

सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघायला लागले. संपादकबाईंनी तिला पाणी दिलं. तो घरून काम करतो, असं त्या तिलाच समजावत होत्या. तिलाच!

जाताना ती भोवरा घेऊन गेली. कुणी अडवलं नाही.

सोमवार, १७

घसा बसलाय. ताप नाही, दुखत नाही, नुसता आवाज उतरत चाललाय, टाकीतल्या पाण्यासारखा. मुख्य दाराच्या यंत्राने तोंड ओळखलं नाही. चार वेळा उभा राहिलो. चष्मेवालीच्या मागोमाग आत शिरलो.

बाईंनी पाठ थोपटली. निळ्या फोनवरचा लेख अप्रतिम, दोन दिवस आधीच पाठवलात.

मी एक ओळही लिहिलेली नाही. उघडून वाचला. पहिलं वाक्य: यंत्राला भिणारा माणूस स्वतःच्या हातांना भितो.

हे वाक्य मी एकाच यंत्रासमोर बोललो होतो. हा निळा तेव्हा आलाही नव्हता.

मंगळवार, १८

काकांपाशी कबूल केलं. कुजबुजत. आता तेवढंच जमतं.

काकांनी वहीतली माझी सही काढून बघितली. मग त्यांनी मला झापलं, वडील माणसाने झापावं तसं. पाटी काय मी हौस म्हणून लिहिली का रे, गाढवा? तुझ्या आधीच्यानेही हेच केलं होतं, आणि त्यानेही दोनदा हो म्हटलं होतं. न पुसलेला आत ठेवला की तो आपलं काम करत राहतो. बंद करता येत नाही, मालकानेच पुसायचा, मालकाच्याच आवाजात. कपाटातले सगळे फोन काका दर सोमवारी बाहेरच्या बटणाने चार्ज करतात, नियमच आहे, नाहीतर बॅटऱ्या फुगतात. कालही केले.

काकांच्याच खोलीतलं पोलादी कपाट. किल्ली बाईंकडे, ते शनिवारीच उघडतं. बारा वाजता ये म्हणाले. आवाज जपून ठेव म्हणाले.

बुधवार, १९

राहवलं नाही. घरी फोन लावला. तोंड दिसावं म्हणून व्हिडिओ लावला, माझ्या जागी काळा चौकोन. बायकोने तीनदा विचारलं, कोण बोलतंय. माझा घोगरा आवाज तिला कळला नाही. खारूने फोन घेतला. हुशार पोर! बाबा असशील तर सांग, घड्याळ कुणी मोडलं?

आपण दोघांनी, मी म्हणालो. चार वाजून दहा मिनिटं. गोंद.

मग ती म्हणाली, बाबा आजीच्या फोनवर आहे. त्यालाही विचारलंय. त्याने टण्ण पण करून दाखवलं. तू करून दाखव.

जीभ टाळूला लावली. नुसती हवा.

मला चोरकाका म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवार, २१

आज दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं नाही. चष्मेवाली माझ्या खुर्चीवर पर्स ठेवून गेली. मी खुर्चीत होतो.

बायकोचा निरोप: तुम्ही सांगितलंत तसं स्टेशनवरून थेट कार्यालयात येतो.

मी सांगितलेलं नाही. पण येऊ देत. आवाज नेला, लेख नेले, तोंड कुठून आणेल? मला एकदा बघतील, बस्स. बापाला डोळ्यांनी बघितल्यावर पोर फोनचं ऐकेल का? नाही ऐकणार. नाहीच.

शनिवार, २२

पावणेबारा. काकांनी आत घेतलं. ते बाईंकडून किल्ली आणायला गेलेत. दार मागे लागलं. मी वही मांडीवर ठेवून बसलोय. तीन वाक्यं बोलण्याएवढा आवाज शिल्लक आहे. जपतोय.

बारा पाच. कपाटातून आवाज आला. माझा. भरदार, व्यासपीठावरचा. काका, राहू द्या किल्ली, कपाट उघडंच सापडलं, माझा मीच पुसला, मी घरी निघालो. काचेतून दिसतंय, काका कानाला फोन लावून उभे. हसले. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे हसले. डबा उचलून गेले—

दार माझं तोंड ओळखत नाही. आतूनही नाही.

काच ठोकली. खुर्चीने ठोकली. बाहेर कुणी—

बारा वीस. आल्या.

बायको, दोन बॅगा. खारूने केस कापलेत. चष्मेवाली त्यांना खुर्ची देतेय. ओरडलो. तिन्ही वाक्यं एकदम ओरडलो. ओठ हलले, एवढंच.

पुन्हा ठोकतोय. बायकोने इकडे बघितलं. तिचा फोन वाजला. मागे कपाटात मी तिला सांगतोय, आत सुतार काम करताहेत, लक्ष देऊ नकोस. खाली गाडी उभी आहे. पत्ता गाडीवाल्याला दिलाय.

कुठला पत्ता?

खारू काचेशी आली. एका वितीवर. स्वतःला बघतेय, जीभ काढून दाखवतेय. नवे केस नीट करतेय. तिच्या श्वासाची वाफ काचेवर. मी तिच्या तोंडासमोर वही धरली, हे पान, मोठ्या अक्षरांत, ती स्वतःच्याच—

बायकोने तिच्या कानाला फोन लावला. कपाटात ठोका पडला. टण्ण! ती खळखळून हसली.

निघाल्या. बॅगा. खारू मागे वळून बघतेय. आरशाला हात करतेय. अजून एक पान, अजून मोठं लिहितो—

खारू बाबा इथे आहे बाबा इथे आहे बाबा इ