कॉलरीतला क्रूस

खाणीची कॉलनी, ता. तुमसर
१७ ऑक्टोबर २०२४

माझ्या थोरल्या बहिणीले, देवकाबाईले, मालनचा प्रभूत सलाम. वि. वि.

आम्ही सारे जिते आहोत, एवढंच खुशालीचं समज. फोनवर सांगितलं असतं, पण इथल्या भिंती कागदाच्या. मी शिंकली तर शेजारीण विचारते, सर्दी झाली का.

दसऱ्याले खाणीत खाली उतरायच्या पिंजऱ्याची पूजा झाली. सारे नारळाले हात लावून आत गेले. तुझ्या जवायानं, माझ्या घरधन्यानं, हात लावला नाही. म्हणे, मी ख्रिस्ती आहो, मी माझ्या देवाले मागतो. ठीक. पण त्याच पाळीत पिंजरा मधातच अटकला. अंधारात माणसं लटकून राहिली. कोणाले खरचटलं नाही, पण तेव्हापासून साऱ्यांचं बोट याहिच्याकडे. इतकी वर्षं ज्याच्यासंगं डबा खाल्ला तो टेकचंदही म्हणते, नारळ फोड, नाहीतर आमच्यासंगं उतरू नको. आता हे शेवटच्या खेपेत एकटे उतरतात. खाली छत धसलं तर ओढून काढाले कोण येईल? सांग मले.

नारळ फोडाले हे तयार नाहीत. मी भांडून थकली. मग मी माझं काम केलं. प्रार्थनासभेतल्या भाऊंनी वर हात ठेवून, प्रार्थना करून दिलेलं तेल होतं ना, त्याच्यात कापडाचा लहानसा क्रूस बुडवला आन् याहिच्या खाकी शर्टाच्या कॉलरीत आतून शिवला. याहिले माहीत नाही. तू उपदेश करू नको. फक्त प्रार्थना कर.

माया आटू देऊ नको.
तुझी भेदरलेली मालन


आसगाव, ता. पवनी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. मालनले देवकाचा आशीर्वाद आन् सलाम. वि. वि.

लवकर पिकणारा हलका धान कापणीले आला आहे, तरी विळा ठेवून लिहून राहिली. उपदेश नको तर पत्र कायले धाडलं? लहानपणापासून तू अशीच. पायात काटा रुतला की बोंब मारायची आन् सुई पाहिली की पळायचं.

ऐक. त्याहिचा नारळ आन् तुझी कॉलर सख्ख्या बहिणी. ते लोक निदान चारचौघात फोडतात, तू नवऱ्यापासून लपवून शिवलं. तो माणूस देवाच्या भरवशावर दोस्त गमावून बसला आन् तू त्याच्या मानेले ताईत बांधला. तेल वाळलं मंग काय करशील वं?

भेव मलेही वाटते. जवाई एकटे उतरतात वाचलं आन् ताट सारून उठली. पण भेवाले देव करू नको. त्याहिले सांग आन् शिवण उसव.

रागावली तरी उत्तर धाड.
तुझी बाई, देवका


खाणीची कॉलनी
२५ ऑक्टोबर २०२४

देवकाबाईले मालनचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडली. आज सकाळी शर्ट मांडीवर घेऊन ब्लेड लावली, तर हे समोर. सारं सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. तर माझा हात धरून म्हणतात, राहू दे.

बाई, याहिले पहिल्याच दिवशी समजलं होतं. शिवण मानेले टोचे. तेव्हापासून पिंजरा सुटला की याहिचं बोट कॉलरीत. म्हणाले, त्याच्याबिगर आता पाय आत पडत नाही. साऱ्या खाणीपुढं ज्यानं नारळाले नाही म्हटलं, तो माणूस चिंधीले धरून उतरत होता. आन् चिंधी मी दिली.

माझं डोस्कं फिरलं. म्हटलं, मग नारळच फोडा, टेकचंद तरी संगं येईल. याहिनं माझ्या हातची ब्लेड घेतली आन् आपणच टाके तोडले. चिंधी ओढून काढली तशी कॉलर फाटली. तोच शर्ट घालून गेले.

मी दारात बसून लिहून राहिली. इथून पिंजऱ्याचा दोर ओढणारं उंचावरचं चाक दिसते. साऱ्यांच्या खेपा झाल्या, मग चाक अजून एकदा फिरलं. ती खेप याहिची. आता थांबलं.

प्रार्थनेले बसली तर बोटं काहीतरी धराले पाहतात. धराले काही नाही. डोळे मिटले की अंधारात लटकलेला पिंजरा दिसते. तरी मिटते.

हे पत्र तुले भेटेल तोवर ही पाळी केव्हाचीच सुटली असेल. तरी वाचता वाचता याहिच्यासाठी प्रार्थना कर.

तुझीच,
मालन