खड्ड्याचं वय

प्रिय अंकुर,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही; माझ्या नोंदवहीत खाडाखोड नसते, तुला माहीत आहे.

अमरावतीत ऑक्टोबरचं ऊन तापलं आहे. माझं पीएचडीचं काम संपत आलं. लग्नानंतर तू अकोल्याला जुन्या शहरात राहतोस हे आपल्या वर्गातल्या दीपमालाकडून कळलं. पत्ताही तिनंच दिला. मागच्या आठवड्यात गावी गेले होते. ई-क्लासच्या सरकारी गायरानातला मुरमाचा खड्डा आता लांबून हिरवा दिसतो.

पाच पावसाळे मी त्यात मीटरभराची चौकट टाकून झाडं मोजली. पहिल्या वर्षी कडेनं तरोटा आणि गाजरगवत, मध्ये काहीच नाही. मग कुसळी आली. तिनं थोडी माती धरली, तेव्हा कुठे शेळ्यांच्या लेंड्यांतून बोरी रुजल्या. सगळ्यात उंच बोर माझ्या कमरेला लागते. उघडा मुरूम यापेक्षा घाई करत नाही.

म्हणून बाबांच्या तक्रारीवरचा तुझा जबाब वाचताना पळसांपाशी थांबले. खड्डा वीस वर्षांपूर्वीचा आहे, त्यात पळसही वाढलेत, असं तू लिहून दिलंस. पळस आहेत. अकरा. तीन-तीन पावलांवर, एका रांगेत. मी एकाचं मूळ मोकळं केलं. पिवळ्या मुरमात टोपलीएवढा काळ्या मातीचा गोळा निघाला, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर असते तशा मातीचा. कशामागून काय उगवतं हे मीच तुला सांगितलं होतं. तू फक्त शेवटचं झाड लक्षात ठेवलंस.

माझे बाबा गावचे कोतवाल. गायरानातला मुरूम चोरून खणल्याबद्दल त्यांनी तुझ्या वडिलांविरुद्ध अर्ज दिला, तेव्हा खुशालराव पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, “आमच्या पोरानं याची पोरगी नाई केली, म्हून कोतवाल कागदावर खड्डे खणून रायला!” लोक हसले. तुझ्या जबाबानंतर खोट्या तक्रारीचा ठपका बाबांवर आला. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना काम जायची वेळ आहे. तलाठी कार्यालयात जाताना ते आता मागच्या गल्लीनं जातात. ते मला बोलले असते, त्यापेक्षा ती गल्ली जास्त लागते.

चूक माझीही आहे. पहिल्या जूनमध्ये चौकट धरायला तू सोबत आला होतास. नुसता मुरूम होता, पोकलेनच्या दातांचे ओरखडे ताजे होते. तू हसत म्हणालास, “पाय, आमच्या पोकलेननं तुले प्रयोगशाळाच काढून देली.” मीही हसले आणि बाबांना सांगितलं नाही. ते मी सुनावणीसाठीच्या अहवालात लिहिलं आहे, तारखेसह.

कोतवालाच्या पोरीचे आकडे कोण खरे मानणार, हा तुझा अंदाज चुकीचा नव्हता. तुझ्या साखरपुड्याआधी तू मला आपले सगळे फोटो पुसायला लावलेस. मी पुसले, दोनशे चौदा. एक राहिला, कारण तो आपला कधी नव्हताच; तो चौकटीचा होता, कामाच्या फोल्डरमध्ये. जून २०२१. उघडा मुरूम, रिकामी चौकट आणि ती धरणारे दोन हात. उजव्या अंगठ्यावर थ्रेशरची खूण आहे. चेहरा नाही. लागणारही नाही.

बाबांची सुनावणी सोमवारी अकराला आहे. अहवाल तिथे मी स्वतः देणार आहे, फोटो पान सातवर. त्याची प्रत सोबत जोडली आहे. हे पत्र तुला शनिवारी मिळेल असं पाहून टाकते आहे. जबाब मागे घे असं मी सांगणार नाही. घेतलास तरी पान सात तिथेच राहील. मला एवढंच हवं होतं, की मधला रविवार तू आपल्या अंगठ्याकडे बघत काढावास.

कोतवाल शेषरावांची मुलगी,
नीलम